पाहुण्यासाठी दाण्याच्या कुकीज

८ नोव्हेंबर १९९०, गुरुवार

ह्यांच्या फॅक्टरीतून दर जानेवारीला दोन डायऱ्या घरी येतात. एक हे वापरतात, दुसरी फोनखाली जाते, म्हणजे टेबलाला ओरखडे पडत नाहीत. आज फोन आला, बोलून झालं, आणि मी फोन उचलून बाजूला ठेवला नि ही डायरी काढली. कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या ह्या कॉलनीत ज्यांना सांगावं त्या सगळ्यांना लग्नाच्या मुली आहेत.

फोन सुनीताचा, वापीहून. सुनीता माझी मामेबहीण. तिच्या नवऱ्याचा भाचा सौरभ अमेरिकेत न्यू जर्सीला असतो, कॉम्प्युटरमध्ये. नाताळच्या सुट्टीत मुली बघायला येतोय. आमच्या ऋचाचा फोटो त्याला पसंत पडलाय.

"आणि नले, एक लक्षात ठेव," सुनीता म्हणाली, "तिकडच्या पीनट बटर कुकीज म्हणजे त्याचा जीव की प्राण. मी सांगून टाकलंय, आमची ऋचा घरी करते म्हणून."

"सुनीता, ऋचाला चहा येतो. तोही दूध कुणी तापवून दिलं तर."

"म्हणून तर आत्तापासून सांगतेय ना!"

ऋचा आमची एकुलती एक. बी.कॉम. झाली, इथल्याच एका शाळेत बालवर्गाला शिकवते. संध्याकाळी आल्यावर तिला सगळं सांगितलं. चेहरा उतरला. मग थोड्या वेळाने विचारते, "आई, कुकीजला ओव्हन लागतो ना? तो विजेवर चालतो?" म्हटलं, हो, चांगला दणकून वीज खातो म्हणे. तर एकदम खुलली. मुलीला हौस आहे हे बघून बरं वाटलं.

११ नोव्हेंबर, रविवार

सुनीताने सौरभच्या बहिणीला अमेरिकेत फोन लावून कृती विचारली आणि मला सांगितली. मध्ये दोन समुद्र, शिवाय वापी ते सिल्वासा लाइन. त्यातून जे पोचलं ते असं: पीनट बटर, साधं बटर, ब्राऊन शुगर, अंडं, मैदा, खायचा सोडा. गोळे करून काट्याने दाबायचे, तीनशे पन्नासवर भाजायचे.

हे पेपर वाचत होते. 'ब्राऊन शुगर' ऐकल्यावर पेपर खाली आला.

"नलिनी, ब्राऊन शुगर?"

"सुनीता तसंच म्हणाली."

"अगं, मुंबईत कॉलेजची पोरं त्यापायी गटारात पडतायत! रोज छापून येतंय. आणि मी वर्क्स मॅनेजर आहे!"

सुनीताला परत फोन. ती म्हणाली, नुसती गुळाच्या रंगाची साखर असते ती. तरी ह्यांनी खिडकी लावून घेतली आणि मगच म्हणाले, "गूळच घाल. गुळाबद्दल पोलीस विचारत नाहीत."

१४ नोव्हेंबर, बुधवार

अंडं. आमच्या घरात आजवर आलेलं नाही. ह्यांचं म्हणणं, अमेरिकेसाठी चालेल, पण घरात ठेवायचं नाही. मग स्कूटरच्या डिकीत ठेवावं असं ठरलं, कारण डिकी म्हणजे काही घर नव्हे.

ठरलं, अंडी ठेवली, आणि विसरली गेली. सकाळी हे तशीच स्कूटर काढून राखोलीला फॅक्टरीत गेले. रस्त्याचं तर विचारूच नका. डिकीत नव्या मशीनची ड्रॉइंग्ज होती. मीटिंगमध्ये टेबलावर उलगडली. मुंबईहून आलेल्या पार्टीने विचारलं, हे पिवळं काय आहे? हे म्हणाले, "सुधारणा."

१७ नोव्हेंबर, शनिवार

पहिला प्रयत्न.

पीनट बटर म्हणजे दाण्याचं कूट आणि बटर, असं मी धरलं. एवढं सरळ नाव असताना दुसरं काय असणार? ओव्हन सुनीताने पाठवलाय, गोल, अॅल्युमिनियमचा, झाकणाला काच. बटण दाबलं आणि वीज गेली. नुसती आमची नाही, आख्ख्या बिल्डिंगची.

ऋचा म्हणाली, "थांब, मी नवनाथला बोलावते." नवनाथ बोरसे म्हणजे ह्यांच्या फॅक्टरीचा वायरमन. चाळीसगावकडचा. क्वार्टर्सचं विजेचं कामही तोच बघतो. राखोलीहून सायकल हाणत आला, घामाघूम. मेन बोर्ड जिन्याखाली आहे, तिथे फ्यूजची तार बांधायला कुणीतरी टॉर्च धरावा लागतो. ऋचा गेली. एरवी अंधारात दोन पावलं टाकत नाही ही मुलगी. पण पाहुण्यासाठी करतोय म्हटल्यावर गेली.

बऱ्याच वेळाने वीज आली. वायरी जुन्या आहेत म्हणे. मग ओव्हनमध्ये सगळे गोळे वितळून एक झाले, आणि ओव्हनएवढी एकच कुकी झाली. सुरीने कापली. नवनाथला दिली, एवढ्या लांबून आला म्हणून.

"मॅडम, चिक्की एक नंबर!"

२० नोव्हेंबर, मंगळवार

सुनीताने खुलासा केला. पीनट बटर म्हणजे दाणे भाजून, सालं काढून, तेल सुटेपर्यंत वाटायचे. मिक्सरमधून धूर आला म्हणून कोंडाबाईला पाट्यावर बसवलं. कोंडाबाई आमच्या कामाची, खानवेलहून बसने येते. वाटता वाटता म्हणाली, "बाई, लसूण नि मिरची टाका यात, मस्त चटनी होईल."

"अगं, अमेरिकेच्या माणसासाठी आहे हे."

तिने पदर तोंडाला लावला. हल्ली तिचा पदर सारखा तोंडाला असतो, विशेषतः नवनाथ आला की. दातांचं काहीतरी असणार.

मग तिला म्हटलं, कुकीज दाबायच्यात, एक काटा आण. ती खाली जाऊन बाभळीचा काटा घेऊन आली. हे बाहेरून ओरडले, "किती ग्रॅमने दाबायचं? लॅबमधला काटा आणू का?" आमच्या घरात जेवायचा काटाच नाही, हात आहेत. शेवटी नवनाथने कँटीनमधून आणून दिला. तो कसा काय आला होता ते आठवत नाही. फ्यूजच गेला असणार.

२४ नोव्हेंबर, शनिवार

हे म्हणाले, "तीनशे पन्नास डिग्री? तुझ्या ह्या डब्याला जन्मात जमणार नाही."

ह्यांच्या फॅक्टरीत मोटारीत गुंडाळायची तांब्याची तार बनते. तारेला वार्निश लावून ती भट्टीतून काढतात. "माझ्या भट्टीत तीनशे पन्नास म्हणजे तीनशे पन्नास," म्हणाले आणि गोळ्यांचा ट्रे घेऊन गेले.

संध्याकाळी ट्रे परत आला. कुकीज काळ्याभोर, चकचकीत, एकीवर एक आपटली की टण्ण वाजतात. ह्यांचा चेहरा मात्र प्रसन्न.

"लॅबमध्ये टेस्ट केली. तीन हजार व्होल्ट दिले, करंट आरपार गेला नाही. आमची तारसुद्धा एवढी टिकत नाही, नलिनी."

"आणि चव?"

"चवीचं टेस्टिंग आमच्याकडे नाही. नवनाथने एक खाल्ली."

ऋचा जेवणावरून उठली. "सगळी खाल्ली? बाबा, त्याला पाणी तरी दिलंत का?" मग पानावर परत बसली, पण जेवली नाही. फार हळवी आहे. अमेरिकेत कसं होणार हिचं?

२५ नोव्हेंबर, रविवार

जेवताना ऋचा म्हणाली, "बाबा, अमेरिकेत फॅरनहाइट असतं. तीनशे पन्नास म्हणजे आपले पावणेदोनशे."

ह्यांनी ताकभात संपवला. हात धुताना म्हणाले, "युनिट लिहिलेलं नव्हतं. ड्रॉइंग चुकलं तर कारागिराचा दोष नसतो."

१ डिसेंबर, शनिवार

आज जमल्यासारखं झालं. गोल राहिल्या, खाली लागल्या नाहीत, वर काट्याची चौकडीही उमटली. मी बशी घेऊन बिल्डिंगभर फिरले, आम्ही त्यांचे दिवे घालवतो म्हणून. वरच्या मजल्यावरच्या पटेलबेन म्हणाल्या, "नानखटाई सरस छे!" शेजारच्या मिश्राजींनीही नानखटाईच म्हटलं. मी प्रत्येक दारात सांगितलं, ही कुकी आहे. प्रत्येक दारात मान डोलावली आणि म्हणाले, हो हो, छान झालीय नानखटाई.

फक्त नवनाथने विचारलं, "मॅडम, गूळ जरा कमी केला का आज?" मेल्याची जीभ तयार झालीय. प्रत्येक वेळी हाच खातो ना.

५ डिसेंबर, बुधवार

आज एक विचित्रच झालं. ओव्हन लावलाच नव्हता, मी वाटाणे सोलत होते, तरी फ्यूज गेला. ऋचा शाळेतून आली, जिन्यातून वर यायला तिला जरा उशीर झाला, आणि ती दारात येते न येते तोच वीज गायब. मी म्हटलं फोन कर, तर जिन्यातून आवाज, "मॅडम, आलोय मी!" फोन न करता! इतकी तत्परता मी फायर ब्रिगेडमध्येही पाहिली नाही. ह्यांना म्हटलं, ह्या मुलाला बढती द्या.

जाताना मी त्याला डबा भरून दिला. तो म्हणाला, "येतो आई." मग जीभ चावली आणि म्हणाला, "मॅडम." खानदेशात सगळ्यांनाच आई म्हणत असतील. गोड वाटलं.

८ डिसेंबर, शनिवार

ऋचाला पोळ्या लाटायला बसवलं होतं. बोलता बोलता म्हटलं, "नवनाथसाठी एखादी चांगली मुलगी बघायला हवी. तुझ्या शाळेत कुणी असली तर सांग."

"आहे एक," ती म्हणाली.

"मग अडतंय कुठे?"

"घरचे तयार होतील असं वाटत नाही. तिच्या बाबांचं जरा अवघड आहे. आणि आई... तिने स्वप्नं बघितलीयत दुसरीच."

"अगं, एवढा निर्व्यसनी, कष्टाळू मुलगा! तिच्या आईला मी समजावीन. मला घेऊन चल."

ऋचाने माझ्याकडे इतकं टक लावून पाहिलं की पोळी करपली.

१२ डिसेंबर, बुधवार

ऋचाचा शाळेतला नकाशा काढून बघत बसले होते. भारतावर एक बोट ठेवलं आणि न्यू जर्सीवर दुसरं ठेवायचं, तर एका हाताची बोटं पुरेनात. आपल्याकडे रात्र असते तेव्हा तिकडे दुपार. म्हणजे मला तिची आठवण येईल तेव्हा ती कामावर असणार आणि तिला माझी येईल तेव्हा मी झोपलेली.

ह्यांना विचारलं, "आपण हे कशासाठी करतोय?" म्हणाले, "तिच्या भल्यासाठी." मी म्हटलं, "आणि ती गेल्यावर ह्या घरात आपण दोघांनी काय करायचं?" हे चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "कुकीज."

मी हसले नाही. नंतर हसले.

१६ डिसेंबर, रविवार

जमल्या. अगदी जमल्या! बाहेरून खुसखुशीत, आत मऊ, दाण्याचा खमंग वास. पटेलबेननी खाल्ली आणि विचार करून म्हणाल्या, "आ नानखटाई नथी." माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

२२ डिसेंबर, शनिवार

सौरभ आला. सुनीता बरोबर. उंच आहे, थोडा वाकून बसतो, सगळ्यांना सारखं "थँक यू" म्हणतो. कोंडाबाईलाही म्हणाला, तर तिने घाबरून पाण्याचा ग्लास परत नेला. मला मुलगा आवडला. सरळ आहे. मनात येतं ते बोलतो.

कुकी उचलली, चावली, डोळे मिटले. सुनीताने माझ्याकडे पाहिलं, मी देवघराकडे.

"एक्झॅक्टली!" तो म्हणाला. मग अख्खी बशी संपवली. संपल्यावर ऋचाला विचारलं, "ह्या तुम्ही केल्या?"

ऋचाने तोंड उघडलं, पण सुनीता आधी बोलली. "मग कुणी? तिचाच हात!"

"मला शिकवाल? तिकडे डब्यातल्या मिळतात, घरच्या कुणी करत नाही. मी उद्या परत येतो. तुम्ही करा, मी बघतो."

तो गेल्यावर मी हातपाय गाळले. हे म्हणाले, "घाबरू नकोस, क्रॅश ट्रेनिंग देऊ." ऋचाला ओट्यापाशी उभं केलं. तिचं लक्षच नाही. मध्येच खाली जाऊन जिन्याखालचा फ्यूज ठीक आहे का ते बघून आली. दोनदा.

उद्या वीज गेली तर शोभा होईल म्हणून ह्यांनी नवनाथला निरोप धाडला. म्हणाले, ओव्हनच्या प्लगपाशीच उभा राहा, हलू नकोस.

२३ डिसेंबर, रविवार

झालं ते क्रमाने लिहिते.

सौरभ स्वयंपाकघरात स्टुलावर बसला, गळ्यात कॅमेरा. सुनीता, मी आणि हे दारात. कोंडाबाई मोरीपाशी. नवनाथ प्लगपाशी, भिंतीला चिकटून, धुतलेला शर्ट घालून. ऋचाने अंडं उचललं आणि त्याच्याकडे असं बघत राहिली, जणू ते पहिल्यांदाच भेटतंय. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात नवनाथ खालच्या आवाजात म्हणाला, "आधी बटर-गूळ."

ऋचाने अंडं ठेवलं. बटर-गूळ फेटायला घेतला. मग मागे न बघता हात मागे केला, त्याने हातात चमचा दिला. दाण्याचं बटर घातलं, अंडं फोडलं. मैदा घातला. ती पुढे जायला लागली तर त्याने नुसती भुवई उचलली, "अगं बाई, सोडा!" म्हणत ती थांबली. तिच्या गालाला मैदा लागला, तिने मनगटाने पुसला.

"अजून हाय. डावीकडं."

तिने पुसला.

"दुसरी डावीकडं."

ती हसली. मग गोळे झाले. काटा मागायलाही लागला नाही. त्याने एक आडवी रेघ दाबली, तिने काटा घेऊन उभी दाबली, पुढच्या गोळ्यावर तिने आडवी, त्याने उभी. असा सगळा ट्रे भरला. एकदाही एकाचा हात दुसऱ्याच्या आड आला नाही. मी तर अभिमानाने फुलून गेले होते. एका रात्रीत केवढं शिकली पोर!

सौरभने फोटो काढायला कॅमेरा डोळ्याला लावला होता. तो खाली केला. माझ्याकडे वळून अगदी साधेपणाने विचारलं, "काकू, ह्यांचं लग्न कधी आहे?"

"कुणाचं?"

"ह्या दोघांचं." मग सगळ्यांकडे बघून गोंधळला. "सॉरी, मला वाटलं... तुम्हाला दोन मुली आहेत का? मी बघायची ती कुठे आहे?"

"एकच आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच लांबून आला.

ऋचा दोन पावलं मागे सरकली आणि प्लगपाशी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. हातात काटा तसाच. कोंडाबाईचा पदर खाली आला होता. तिचे दात अगदी छान आहेत.

ह्यांनी घसा साफ केला आणि एवढंच म्हणाले, "नवनाथ, प्लग काढ." त्याने काढला. "आता घरी जा." तो गेला.

सौरभ जाताना माझ्या पाया पडला. "काकू, मी काही चुकीचं बोललो का?" मी म्हटलं, "नाही रे बाळा. आम्हीच चुकीचं बघत होतो."

सुनीता त्याच्या मागोमाग निघून गेली.

२४ डिसेंबर, सोमवार

स्वयंपाक नाही. दूधभात.

संध्याकाळी खरोखरच वीज गेली. फोन तिथेच होता. कुणी हात लावला नाही. मेणबत्ती लावून तिघं बसलो.

२६ डिसेंबर, बुधवार

आज ऋचा बोलली. नवनाथ शाळेचा पंखा दुरुस्त करायला आला होता, तेव्हापासून. दीड वर्ष होत आलं.

हे म्हणाले, "वायरमन!" एवढा एकच शब्द, पण चार वेळा.

"बाबा, तो डिप्लोमा करतोय. आणि तुम्हीच म्हणता, तो नसेल तर तुमची भट्टी पेटत नाही."

"भट्टी वेगळी, मुलगी वेगळी! उद्या कामावरून काढून टाकीन त्याला."

"मग मी त्याच्याबरोबर चाळीसगावला जाईन. काढा."

हे खुर्चीत बसले. मला वाटतं एकाच वेळी मुलगी आणि भट्टी, दोन्ही डोळ्यांपुढे आल्या असाव्यात. मी म्हटलं, "ऋचा, लोक काय म्हणतील? पुण्याच्या नातेवाइकांना तोंड कसं दाखवू? तो आपल्यातला नाही, आपली रीत वेगळी, त्यांची वेगळी."

ती माझ्याजवळ येऊन बसली. "आई, तू म्हणाली होतीस, त्या मुलीच्या आईला मी समजावीन."

"ते मी दुसऱ्या आईबद्दल म्हणत होते!"

"दुसरी नव्हतीच ना."

मग ती रडली, मग मी रडले. मी नक्की कशासाठी रडले ते मला सांगता येणार नाही. अमेरिका गेली म्हणून, हे तर नक्की. पण मध्येच मनात आलं, राखोलीला बस जाते. दर तासाला. मी तो विचार लगेच झटकला.

सुनीताचा फोन आला. सौरभने ठाण्याची मुलगी पसंत केली. तिला कुकीज येत नाहीत. त्याने विचारलंय, सोडा किती घालायचा ते ऋचाला विचारा.

३० डिसेंबर, रविवार

नवनाथची आई येणार असा निरोप होता. आम्ही दोघांनी सकाळपासून तयारी केली, 'नाही' कसं सांगायचं त्याची. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मुद्दे पाठ केले. नम्रपणे बोलायचं, पण ठाम राहायचं. मी म्हटलं, तुम्ही सुरुवात करा, मी शेवट करते.

चिमाबाई आल्या. लहानशा चणीच्या, पण ताठ. नऊवारी लुगडं, हातात मोठी कापडी पिशवी. नवनाथ खाली सायकलपाशीच थांबला. त्या सोफ्यावर मांडी घालून बसल्या, पाणी प्यायल्या आणि ह्यांनी पहिला मुद्दा काढायच्या आत म्हणाल्या,

"साहेब, मी नही सांगाले उनू."

"काय?"

"आम्हले हाई सोयरीक नको. मन्हा पोऱ्या चुकना, तेले माफ करा. तुम्हनी पोर चांगली शे, पन आम्हना घरमा नही चालाव."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमचा पहिला मुद्दा चिमाबाईंनीच मांडून टाकला होता.

"नाही चालायची म्हणजे?" मी विचारलं.

"नाजूक शे. तिले भाकर येस का?"

"येईल की! शिकेल. त्यात काय अवघड आहे?"

"शिकी नही बाई. मन्हा पोऱ्याले दोन पोरी सांगी येल शेत. एक तं धा मानसांन्या भाकरी एकटी थापस."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आमच्या ऋचाला चाळीस मुलांचा बालवर्ग सांभाळता येतो! चाळीस! तुमच्या त्या मुलीला म्हणावं, एक दिवस सांभाळून दाखव!"

"फर्स्ट क्लास बी.कॉम. आहे," हे म्हणाले. ते कधी उठून उभे राहिले होते कुणास ठाऊक.

चिमाबाईंनी मान हलवली. "शिकेल-सवरेल पोर सासूले उलटी बोलस."

"ऋचा? उलट बोलेल?" हे म्हणाले. "अहो, माझ्याशीसुद्धा ती..." मग त्यांना बुधवार आठवला असावा. "फार क्वचित," असं म्हणून खाली बसले.

मी सोडणार नव्हते. एवढी लाडाकोडात वाढवलेली मुलगी, आणि हिला कुणी उंबऱ्यावरून परत पाठवतं? मी सांगितलं, मुलगी मनाची मोठी आहे. सांगितलं, अंधारात टॉर्च धरून उभी राहते. सांगितलं, तुमच्या मुलाने वार्निशची कुकी खाल्ली तेव्हा ही जेवली नव्हती. चिमाबाई दर वेळी मान हलवायच्या, पण दर वेळी थोडी कमी. शेवटी मी म्हटलं, "भाकरी मी स्वतः शिकवते तिला. माझी जबाबदारी." मला भाकरी येत नाही, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

ह्यांनी शेवटचं सांगितलं, "आणि नवनाथचा डिप्लोमा झाला की त्याला सुपरवायझर करायचं माझ्या मनात आहेच. राखोलीलाच राहतील. आम्हालाही जवळ."

चिमाबाईंनी ग्लासातलं उरलेलं पाणी सावकाश संपवलं.

"तुम्ही इतलं म्हनतस," त्या निःश्वास टाकून म्हणाल्या, "तं मंग मी काय करू? तुम्हना शब्द कसा मोडू?"

जिंकलो! ह्यांनी तर टाळीच वाजवली. ऋचा आतून धावत आली आणि आधी त्यांच्या, मग आमच्या पाया पडली. मी कोंडाबाईला म्हटलं, खालून नवनाथला बोलाव, तर तो दारातच उभा होता.

चिमाबाईंनी पिशवी उघडली. त्यातून कुंकवाची पुडी काढली, नारळ काढला, आणि एक कोरी मोरपिशी साडी, जरीच्या काठाची. ऋचाला कुंकू लावलं, ओटी भरली. मी इतकी दमले होते की काही सुचलं नाही. पण आता लिहिताना वाटतंय, नाही सांगायला निघालेली बाई एवढं सगळं बरोबर कशाला घेऊन निघेल? तिकडच्या बायका प्रवासाला जाताना नारळ-साडी जवळ ठेवत असतील, वाटेत कुणाची ओटी भरायची वेळ येते.

साडीबरोबर ब्लाउजही होता, शिवलेला. ऋचाने घालून पाहिला. खांद्याला, बाहीला, कुठेही टाका उसवावा लागला नाही. मापं न घेता इतका नेमका ब्लाउज! चाळीसगावच्या शिंप्यांचा अंदाज मानला पाहिजे.